पंचावाचून चालणारा खेळ

फिर्याद खेळाडूनेच मांडावी, जबाब प्रतिस्पर्ध्यानेच द्यावा आणि निवाडाही त्या दोघांनीच उभ्याउभ्या करून मोकळे व्हावे, अशी विलक्षण वहिवाट असलेला अल्टिमेट फ्रिस्बी हा खेळ अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानातल्या मेपलवुड गावी, कोलंबिया हायस्कुलातील विद्यार्थ्यांनी रूढ केला. पुढे हॉलिवूडमध्ये चित्रपटनिर्माता म्हणून नावारूपास आलेल्या जोएल सिल्व्हरने १९६८ साली शाळेच्या विद्यार्थिमंडळापुढे या खेळाचा ठराव आणला तो काहीसा थट्टेनेच. पण शाळेच्या वाहनतळावर रात्री दिव्यांच्या उजेडात खेळ असा काही रंगू लागला, की १९७० मध्ये बझी हेलरिंग व जॉन हाइन्स या सोबत्यांसह त्याला नियमांची रीतसर संहिता सिद्ध करावी लागली.

महाविद्यालयांतील पहिला सामना ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला व रटगर्सने तो २९–२७ असा जिंकला. बरोबर १०३ वर्षांपूर्वी याच दोन संस्थांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा आद्य सामना झाला होता, आणि तोही रटगर्सने दोनच गुणांनी मारला होता. योगायोगाची हौस असणाऱ्यांनी एवढ्यावर समाधान मानावे.

माझे कुतूहल मात्र नियमांपाशी घुटमळते. तबकडी हाती आली की धावण्यास मनाई. समोरचा प्रतिस्पर्धी मोठ्याने दहा सेकंद मोजणार आणि तेवढ्या अवधीत ती फेकलीच पाहिजे. धक्का लागल्यास ज्याला लागला त्याने ‘फाऊल’ पुकारावा. दुसऱ्याने तो कबूल केला तर प्रश्न मिटला, नाकबूल केला तर बहुधा तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते आणि तेवढा डाव पुन्हा खेळला जातो. चुरस अवश्य असावी, परंतु परस्परांविषयीचा आदर आणि खेळाचा आनंद तिच्यापायी गमावू नये, हे खेळवृत्तीचे कलम संहितेत दाखल झाले ते १९७८ साली, म्हणजे खेळ दहा वर्षांचा झाल्यावर. रूढी आधी आणि कायदा मागाहून, हा क्रम आपल्या गावगाड्याला अपरिचित नाही. आणि मला तोच योग्य वाटतो.

जागतिक महासंघाच्या स्पर्धांत आजही निवाडा खेळाडूच करतात. अमेरिकेत २०१२ साली सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने मात्र पगारी पंच नेमले. तरीही पंचाचा निर्णय आपल्या बाजूने चुकीचा लागला असल्यास तो स्वतः होऊन फिरवण्याची मुभा तिने खेळाडूंना दिली.