महावंस आणि सिंहली अस्मिता

वंश ही अनादि कालापासून चालत आलेली, न बदलणारी वस्तू आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. श्रीलंकेचा इतिहास या समजाला छेद देतो. तेथे सिंहली व तमिळ अस्मितांनी राजकारण घडविले, त्याचप्रमाणे राजकारणानेही त्या अस्मितांना त्यांचे आधुनिक रूप दिले. या प्रक्रियेत एका पालि ग्रंथाचा आधार घेतला गेला. म्हणून बौद्ध अभ्यासकाने तिच्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे.

तो ग्रंथ म्हणजे महावंस. त्याचे २२ ते ३२ हे अध्याय दुट्ठगामणी राजाविषयी आहेत. तमिळ राजा एळाराला जिंकल्यावर झालेल्या नरसंहाराच्या स्मृतीने दुट्ठगामणी व्याकूळ होतो. तेव्हा अर्हंत त्याला सांगतात की, या युद्धात दीडच मनुष्य मारला गेला. एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशीलही ग्रहण केलेला, बाकीचे पशुसमान. हे सांत्वन पहिल्या शीलाशी उघड विसंगत आहे. परंतु हाच ग्रंथ एळाराच्या न्यायबुद्धीची मुक्तकंठाने प्रशंसा करतो आणि विजेत्याने त्याच्या दहनस्थानी चैत्य उभारून पूजा सुरू केल्याचेही नोंदवितो. शिवाय विनयविनिच्छयाचे कर्ते आचार्य बुद्धदत्त चोळ देशातले होते, हे विसरता येत नाही.

१८३७ साली जॉर्ज टर्नर यांनी महावंस छापला. वसाहती राज्याने जनगणनेत व प्रतिनिधित्वात लोकांची वांशिक विभागणी केली. मतपेटीच्या राजकारणात ग्रंथातील एळाराचा न्याय मागे पडला, युद्ध तेवढे उरले. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९५७ चा बंडारनायके-चेल्वनायकम करार भिक्खूंच्या विरोधापुढे पुढच्याच वर्षी रद्द झाला. संघराज्य मागणारे तमिळ नेतृत्व १९७६ च्या वड्डुकोड्डै ठरावात स्वतंत्र राज्याच्या मागणीपर्यंत पोहोचले. १९८३ च्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर पेटलेले युद्ध २००९ मध्ये संपले.

२५०० व्या बुद्धजयंतीचे ते १९५६ हेच वर्ष आपलेही आहे. १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेली ओळख जन्मावर नव्हे, प्रतिज्ञेवर उभी होती. वासेट्ठसुत्त मनुष्यांत जन्मजात जातिभेद मानत नाही. धम्म एखाद्या समूहाची वारसाहक्काची मालमत्ता झाला की ही शिकवण प्रथम बाजूला पडते. श्रीलंकेचा हा धडा आपल्या समूहालाही तितकाच लागू आहे.