बोअर मारला, पुढे काय? धायरीच्या पाण्यातून दिसणारा दुरुस्तीचा इतिहास

आजचा विषय जमिनीखालचा आहे, पण सुरुवात आपण जमिनीवरूनच करूया. पुण्याहून सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे निघालं की डाव्या हाताला धायरी फाटा लागतो. धारेश्वराच्या देवळाचं हे जुनं गाव. ऑक्टोबर २०१७ मध्ये जी ११ गावं पुणे महापालिकेत आली, त्यांपैकी हे एक. खडकवासल्याचं धरण इथून काही किलोमीटरवर आहे. तरीही इथल्या कितीतरी सोसायट्यांच्या टाकीत नळाचं, टँकरचं आणि बोअरचं अशी तीन पाणी एकत्र होतात. त्यातलं नळाचं आणि टँकरचं पाणी कुठून आलं ते निदान विचारता येतं. बोअरचं पाणी कुठून येतं, हे सोसायटीत कोणाला विचारणार?

पाण्याचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा बांधणाऱ्यांचा इतिहास सांगतो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी आणलं, इंग्रजांनी खडकवासल्याला धरण बांधलं. हे खरंच आहे. पण विहिरीच्या बाबतीत खणणं हे एकदाचं काम असतं आणि ती चालू ठेवणं हे कायमचं. म्हणून आज आपण उलट बाजूने बघणार आहोत. बिघडलं की दुरुस्त कोण करत होतं? आमचं म्हणणं असं की, दुरुस्ती ज्याच्याकडे, त्याच्याकडेच पाण्याची खरी जबाबदारी. ही जबाबदारी हळूहळू कशी सुटत गेली, ते पाहूया.

आधी खडक समजून घेऊ. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, लाव्हाच्या थरांवर थर. वर माती, मग मुरूम, त्याखाली भेगांचा किंवा मांजऱ्या खडक, मध्येच एखादा तांबडा गेरूचा पट्टा आणि मग अखंड कातळ. पाणी मुरतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. अखंड कातळात जवळजवळ काहीच नाही. अशा शंभर लिटर पाणीधारी खडकातून आपल्याला फार तर एक ते तीन लिटर पाणी मिळतं. म्हणजे आपल्या खाली तळं नाही. छोट्या छोट्या फटींची एक बचत आहे, आणि ती पावसाळ्यात भरते.

या बचतीला हात घालायचं जुनं साधन म्हणजे आड आणि विहीर. पहार, कुदळ, पुढे सुरुंगाची दारू, आणि वडार समाजाचं कौशल्य. एक विहीर पुरी व्हायला एकदोन उन्हाळे सहज जात. तिच्यावर मोट चाले. मोट चामड्याची, ती शिवणार चांभार. चाक करणार सुतार. नाडा आणि सोंदूर वळणारे वेगळे. म्हणजे पंपाचा प्रत्येक भाग दुरुस्त करणारा माणूस गावातच होता आणि त्याचं बलुतं ठरलेलं होतं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की विहिरीत उतरून गाळ काढायचा. बैल थकले की मोट थांबे, आणि तेवढ्यात झऱ्याला भरून यायला वेळ मिळे.

पण यात रमून चालणार नाही. ज्यांच्या हातांनी विहीर खणली आणि मोट शिवली, त्यांतल्या अनेकांना त्याच विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो पुण्यातच. बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू झाली १९७२ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर २५ वर्षांनी. सार्वजनिक विहीर सार्वजनिक करायलासुद्धा भांडावं लागलं, हे विसरू नका. पुढे जिथे तिथे खासगी बोअर आले, त्यात ही भांडणं मिटली असं वाटतं. खरं तर पाणवठाच गेला.

आता बोअरकडे येऊ. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळानंतर युनिसेफने कठीण खडक फोडणारी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं भारतात आणली. हातोडा भोकाच्या तळाशी असतो, काँप्रेसरची हवा त्याला चालवते आणि तीच हवा खडकाचा चुरा वर फेकते. जिथे पहारीला महिने लागत, तिथे एका दिवसात दोनशे फूट. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला याचं मोल कळलं आणि गावोगावी सरकारी बोअर झाले.

बोअर झाले, पण हापसे मोडू लागले. त्या वेळचे बिडाचे हातपंप मुळात एका घराच्या परसात वापरण्यासाठी बनवलेले. इथे अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा हापसणार. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली, तेव्हा चारांतले जवळपास तीन हापसे बंद निघाले. भोकात पाणी आहे, वर पंप आहे आणि बाया मैलभर चालताहेत!

यावरचा उपाय कुठे सापडला? आपल्याच मुलखात. जालन्याच्या मिशनच्या पाणी प्रकल्पात लोखंडी पत्र्याचा, साध्या सांध्याचा दणकट पंप तयार झाला. मग सोलापुरात स्वीडिश मिशनरी ऑस्कर कार्लसन यांनी तो आणखी सुधारला. दांड्याला साखळी जोडली, त्यामुळे आतली सळई तिरकी न ओढली जाता सरळ वर येऊ लागली आणि झीज कमी झाली. हा ‘सोलापूर पंप’. युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी त्याच्याच आधारावर, कोइमतूरजवळ चाचण्या घेऊन, १९७७-७८ च्या सुमारास ‘इंडिया मार्क टू’ बाजारात आणला. जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या हातपंपांत त्याची गणना होते. आफ्रिकेतल्या खेड्यांत जो हापसा दिसतो, त्याचं मूळ सोलापुरात आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं होतं.

मार्क टूलाही एक अडचण होती. खाली सिलिंडरमध्ये वायसर असतो, आधी चामड्याचा, नंतर रबराचा. तो झिजला की बदलायचा. पण त्यासाठी दीडशे फुटांचे सगळे लोखंडी पाइप वर ओढावे लागत. चार माणसं, खास पाने, गाडी. एवढ्याशा वायसरसाठी हापसा महिनोन्महिने बंद. म्हणून पुढे मार्क थ्री आला. त्याचा पाइप रुंद केला, म्हणजे पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो. लक्षात घ्या, पंपाच्या पुढच्या सुधारणेचा मुद्दा ‘जास्त पाणी’ हा नव्हता. ‘गावातल्या माणसाला दुरुस्त करता येईल का’ हा होता. त्यासोबत व्यवस्थाही उभी राहिली. ग्रामपंचायतीने वर्गणी भरायची आणि पंचायत समितीच्या यांत्रिकीने येऊन हापसा चालू करायचा. ही व्यवस्था रखडायची, लोक चिडायचे. पण चिडायला कोणीतरी होतं!

नंतर हापशाच्या जागी पाण्यातली मोटर आली. मार्क टू मिनिटाला ४० वेळा हापसला तर साधारण १२ लिटर पाणी देतो. मोटर तासाला हजारो लिटर ओढते आणि हात दुखत नाही. तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरच्या गाड्या पार महाराष्ट्रभर फिरू लागल्या. पाणाड्या नारळ घेऊन येतो, जागा दाखवतो, रात्री गाडी लागते, सकाळी फुटाच्या हिशेबाने पैसे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आधीच ठरवून दिलेलं, की माझ्या जमिनीखालचं पाणी ओढायचा हक्क माझा. शेजारच्या बोअरचा आणि माझ्या बोअरचा झरा एकच आहे, हे त्या कायद्याला दिसत नव्हतं.

धायरीसारख्या गावात हे सगळं एकदम घडलं. शेतं गेली, इमारती आल्या, नळ मागून येणार होता. मधल्या काळात प्रत्येकाने आपापला बोअर मारला. आता पंप बिघडला की काय होतं? मे महिन्यात पाणी मोटरच्या खाली जातं, मोटर कोरडी चालते, वायंडिंग जळतं. दुरुस्तीवाला तिपाई लावून पाइप वर काढतो, मोटर भरून आणतो आणि जाता जाता विचारतो, ‘दोन पाइप वाढवू का?’ आपण म्हणतो, वाढवा. एक पाइप वीस फुटांचा. दर तीनचार वर्षांनी दोन पाइप, याचा अर्थ काय? हाच या भागाच्या भूजलाचा इतिहास आहे. तो दुरुस्तीवाल्याच्या वहीत लिहिलेला असतो, आणि आपण फक्त बिलाची रक्कम बघतो.

जानेवारी २०२५ मध्ये या दुर्लक्षाची दुसरी बाजू दिसली. सिंहगड रस्त्यावर नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. राज्यात आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि संशय दूषित पाण्यावर गेला. महापालिकेने विहिरींचे, टँकरचे, खासगी आरओ केंद्रांच्या पाण्याचे नमुने तपासले आणि अनेक केंद्रं बंद केली. नक्की कुठलं पाणी, यावर वाद झाले. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: बोअरचं केसिंग मुरमातच संपलेलं असेल, त्याच्याभोवतीची पोकळी सिमेंटने बंद केलेली नसेल आणि शेजारी सेप्टिक टँक असेल, तर वरची घाण भेगेतून थेट खाली उतरते. खडकाला गाळण्याइतका वेळच मिळत नाही. क्लोरीन टाकायची जबाबदारी कोणाची? नळाच्या पाण्यात ती महापालिकेची. खासगी बोअरच्या पाण्यात ती कोणाच्याच नावावर नाही.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये. त्यात बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहे, खोल विहिरींवर मर्यादा आहे. पण कायदा मुख्यतः खणण्याकडे बघतो. खणून झालेल्या लाखो भोकांकडे रोज कोण बघणार?

इथे पुन्हा जोतीरावांकडे जावं लागतं. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्यात त्यांनी सुचवलं होतं, की सरकारने पाणाड्यांकडून झऱ्यांचा तपास करवून त्या जागा प्रत्येक गावाच्या नकाशात नोंदवाव्यात. विचार करा, झरा हा गावाच्या कागदावर यावा, ही मागणी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे.

तुम्ही विचाराल, मग आम्ही करायचं काय? सोसायटीच्या कपाटात बोअरची एक वही ठेवा. खोली किती, केसिंग कुठपर्यंत, पाणी कितव्या फुटाला लागलं, मोटर किती खाली आहे, मे आणि ऑक्टोबरमधली पातळी, शेवटची तपासणी कधी. दुरुस्तीवाला आला की त्याला चहा द्या आणि त्याच्याकडून हे लिहून घ्या. अशा दहा सोसायट्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, की धायरीच्या खालच्या पाण्याचा नकाशा तयार व्हायला लागेल. मग तक्रार करायलाही पुरावा असेल, आणि शेजाऱ्याशी भांडण्याऐवजी बोलायलाही. इथे थांबूया. प्रश्न असतील तर जरूर विचारा.