सहभागी चित्रफीत व विज्ञानशिक्षण

सहभागी चित्रफीत : ज्यांचे अनुभव जाणून घ्यायचे त्यांच्याच हाती कॅमेरा सोपवणारी संशोधनपद्धती. तिचा उगम कॅनडातील फोगो बेटावर झाला. १९६७ मध्ये डोनाल्ड स्नोडेन व दिग्दर्शक कॉलिन लो यांनी विस्थापनाचे सावट असलेल्या मच्छीमारांचे लघुपट तयार करून बेटावर गावोगाव दाखवले. त्यातून एकजूट झाली आणि सहकारी संस्था उभी राहिली. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतील श्रमिक स्त्रियांनी १९८४ पासून हे माध्यम हाताळले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांना विज्ञानाचा वर्ग अनेकदा परका वाटतो. ते परकेपण प्रश्नावलीत नीट उमटत नाही; तिथे सहभागी चित्रफीत उपयोगी पडते. मेलिना फर्मन व अँजेला कॅलाब्रेस बार्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरी शाळेतील सातवीच्या मुलांनी विज्ञानावर छोटा माहितीपट केला. काय दाखवायचे, कोणाला बोलते करायचे, कोणते दृश्य गाळायचे, हे ठरवताना मुलांचा स्वतःचा आवाज प्रकट झाला.

पद्धत साधी आहे. मुले गट करून दृश्यांचा आराखडा काढतात, आळीपाळीने चित्रण व मुलाखती करतात, एकत्र बसून चित्रण पाहतात आणि संकलन करतात. पाहताना होणारी चर्चा हीच संशोधनाची खरी सामग्री. मात्र पडद्यावर चेहरा लपत नाही. म्हणून मुलांची व पालकांची संमती अत्यावश्यक ठरते. अंतिम संकलन प्रौढांनी ताब्यात घेतल्यास सहभाग नावापुरताच उरतो.