वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर दारूचे व्यसन: धोका का वाढतो आणि घरच्यांनी काय पाहावे

वजन कमी करण्याचे ऑपरेशन, म्हणजेच बॅरिअॅट्रिक सर्जरी, झाल्यानंतर काही रुग्णांना दारूचे व्यसन नव्याने लागते. यात आधीपासून रोज पिणारे असतात, तसेच लग्नकार्यात किंवा महिन्यातून एखाद्या वेळी मित्रांबरोबर ‘बसणारे’ही असतात. मधुमेह आटोक्यात आला, गुडघेदुखी थांबली, घोरणे गेले, म्हणून सगळे आनंदात असतात आणि त्याच काळात हा त्रास हळूहळू सुरू होतो. त्यामुळे तो उशिरा लक्षात येतो.

नांदेड आणि लातूर भागातील अनेक रुग्ण हे ऑपरेशन पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबादला जाऊन करून घेतात. पहिले काही महिने तपासणीच्या तारखा पाळल्या जातात. वजन उतरले आणि कपडे सैल झाले की एवढ्या लांबचा प्रवास नकोसा होतो. दारूचा धोका मात्र पहिल्या वर्षात नव्हे, त्यानंतर वाढतो. म्हणून ही माहिती रुग्णाइतकीच घरच्यांसाठी आणि गावातल्या फॅमिली डॉक्टरांसाठीही आहे.

धोका नेमका किती?

या विषयावरचा सर्वात जास्त उल्लेख होणारा अभ्यास अमेरिकेतील १० रुग्णालयांतला असून तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १९०० रुग्ण होते. ऑपरेशनआधीच्या वर्षात ७.६ टक्के रुग्णांना दारूच्या व्यसनाचा त्रास होता. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षी हे प्रमाण ७.३ टक्के, म्हणजे जवळपास तेवढेच राहिले. दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्क्यांवर गेले. पुढे याच रुग्णांवर लक्ष ठेवले, तेव्हा आधी हा त्रास नसलेल्या आणि गॅस्ट्रिक बायपास झालेल्या रुग्णांपैकी सुमारे २१ टक्क्यांमध्ये ५ वर्षांच्या आत व्यसनाची लक्षणे दिसली. ज्यांच्या जठराला फक्त पट्टा (बँड) बसवला होता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, ते मराठवाड्याला जसेच्या तसे लावू नयेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील सुमारे १४ टक्के पुरुष दारू पितात आणि महिलांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. जी व्यक्ती दारूला हातच लावत नाही तिला ऑपरेशनमुळे आपोआप व्यसन लागत नाही. पण पिणाऱ्याच्या शरीरात जो बदल होतो तो अमेरिकेत आणि उदगीरमध्ये सारखाच असतो. बहुतेक रुग्णांना व्यसन लागत नाही, हेही त्याच आकड्यांतून दिसते. त्यामुळे गरज असलेले ऑपरेशन या भीतीने टाळू नये.

पुरुष, तरुण वयाचे रुग्ण, तंबाखू किंवा सिगारेटची सवय असलेले, ऑपरेशनआधी नियमित पिणारे आणि ज्यांना जवळच्या माणसांचा आधार कमी वाटतो असे रुग्ण यांच्यात धोका जास्त आढळला आहे. आमच्या मते यातला शेवटचा मुद्दा सर्वात दुर्लक्षित आहे.

ऑपरेशननंतर दारू लवकर का चढते?

साधारणपणे प्यायलेली दारू काही वेळ जठरात थांबते. तिचा थोडा भाग जठराच्या अस्तरातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तिथेच मोडतो. बाकीची हळूहळू लहान आतड्यात उतरते आणि तिथून रक्तात जाते. पोट भरलेले असेल तर हा वेग आणखी कमी होतो.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे दारू जठरात थांबतच नाही आणि काही मिनिटांत आतड्यातून रक्तात पोहोचते. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये आतड्याचा मार्ग तोच राहतो, पण जठराचा बराचसा भाग काढून उरलेल्याची नळी केली जाते. ही नळीही लवकर रिकामी होते. शिवाय वजन उतरल्यामुळे शरीराचे आकारमान घटलेले असते आणि जेवण अगदी कमी झालेले असते.

याचा परिणाम किती मोठा असतो, हे अमेरिकेतील सेंट लुईस येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात दिसले. बायपास झालेल्या महिलांना आणि ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या महिलांना सारखीच, म्हणजे दोन ड्रिंक इतकी दारू देण्यात आली. बायपास झालेल्यांच्या रक्तातील दारूची सर्वोच्च पातळी जवळपास दुप्पट निघाली आणि तिथवर ती काही मिनिटांतच पोहोचली. दोन ड्रिंकचा परिणाम चार ड्रिंकसारखा झाला होता. त्याच गटाने पुढे स्लीव्ह झालेल्यांमध्येही असेच पाहिले. त्यामुळे ‘माझे तर स्लीव्ह आहे, बायपास नाही’ असे म्हणून निर्धास्त राहू नये.

व्यसन लागण्याच्या दृष्टीने या वेगाला महत्त्व आहे. जो पदार्थ मेंदूत जितक्या लवकर आणि जोरात पोहोचतो, तितकी त्याची ओढ लागण्याची शक्यता जास्त. पूर्वी तासाभरात हळूहळू चढणारी दारू आता एकदम चढते आणि पुन्हा हवीशी वाटते.

‘खाणे सुटले म्हणून दारू धरली’ हे खरे का?

हे स्पष्टीकरण अनेकांच्या तोंडी असते. काही रुग्णांच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. मन उदास असताना किंवा ताण असताना खाण्याचा आधार घेणाऱ्या माणसाचा तो आधार ऑपरेशनने काढून घेतलेला असतो. पण सगळे एवढ्यावर भागत नाही. बँड बसवलेल्यांचेही खाणे कमी होते, तरी त्यांच्यात व्यसनाचे प्रमाण बायपासच्या तुलनेत कमी आहे. उंदरांवरील एका प्रयोगात दारू पोटातून न देता थेट शिरेतून घेण्याची सोय केली, तरीही बायपास केलेल्या उंदरांनी ती जास्त घेतली. म्हणजे दारू लवकर शोषली जाणे हे एक कारण झाले. त्याशिवाय आतडे आणि मेंदू यांच्यातील संप्रेरकांचे नातेही ऑपरेशनने बदलते. हे रुग्णाच्या घरी सांगणे आवश्यक असते, कारण ‘एवढा खर्च करून बारीक केले आणि आता ही थेरं’ असा राग घरात असतो. व्यसन लागणे म्हणजे इच्छाशक्ती कमी पडणे, असे समजू नये.

एक पेग म्हणजे किती?

आपल्याकडे मोजमाप सैल असते, म्हणून थोडा हिशोब. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले असते. तिच्या ३० मिलीमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध दारू असते. म्हणजे ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची असेल तर ६५० मिलीच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार छोट्या पेगइतकी. ‘मी दारू सोडली, आता फक्त बिअर घेतो’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. त्यातच बिअरचा फेस आणि गॅस लहान झालेल्या जठराला त्रास देतो.

गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ऑपरेशन झालेल्या व्यक्तीची ही मर्यादा एका मोठ्या पेगनेही ओलांडली जाऊ शकते, आणि तीही हॉटेलच्या पायऱ्या उतरण्याआधी. जुन्या अंदाजावर विसंबून ‘एकाने मला काही होत नाही’ म्हणत मोटारसायकलला किक मारणे जिवावर बेतू शकते.

देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तेलंगणाला लागून असलेल्या तालुक्यांत शिंदीचाही विचार करावा लागतो. शिंदी सौम्य समजली जाते, पण तेलंगणात तिच्यात झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांची भेसळ वेळोवेळी पकडली गेली आहे. लवकर शोषली जाणारी दारू आणि त्यावर गुंगीचे औषध, यामुळे श्वास मंदावू शकतो. आयुर्वेदिक आसवे आणि अरिष्टे यांच्यातही आंबवण्यातून तयार झालेली दारू १२ टक्क्यांपर्यंत असू शकते. ‘औषधच आहे’ म्हणून ती मनाने सुरू करू नयेत.

बहुतेक सर्जन ऑपरेशननंतर किमान पहिले ६ महिने ते १ वर्ष दारू पूर्ण बंद ठेवायला सांगतात. वर सांगितलेल्या जास्त धोक्याच्या गटात तुम्ही बसत असाल, तर नंतरही ती पुन्हा सुरू करू नये.

व्यसनाव्यतिरिक्त शरीरावर होणारे परिणाम

सर्वात गंभीर धोका जीवनसत्त्व बी-१, म्हणजे थायमिन, कमी पडण्याचा आहे. शरीरातला याचा साठा काही आठवडेच पुरतो. ऑपरेशननंतर जेवण कमी, त्यात वारंवार उलट्या आणि वरून दारू, असे एकत्र आले की हा साठा झपाट्याने संपतो. रुग्णाचे चालताना पाय अडखळतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलणे असंबद्ध होते. घरच्यांना वाटते, ‘आज जास्त झालीय, झोपू द्या.’ प्रत्यक्षात ती मेंदूची तातडीची अवस्था असू शकते. वेळेत थायमिन मिळाले नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

अशक्तपणा आला की ग्लुकोजचे सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. थायमिन कमी असलेल्या रुग्णाला नुसते ग्लुकोज चढवल्यास त्रास आणखी वाढू शकतो. म्हणून सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा: वजनाचे ऑपरेशन झालेले आहे आणि दारू घेतली जाते. थायमिनचे इंजेक्शन स्वस्त आहे आणि सहज मिळते.

रक्तातील साखर अचानक उतरणे हा दुसरा धोका. बायपासनंतर काहींची साखर तशीही जेवणानंतर खाली येते. दारूमुळे यकृताकडून होणारा साखरेचा पुरवठा थांबतो. घाम, थरथर, बेशुद्धी ही लक्षणे पुन्हा दारूचीच समजली जातात. साखर मोजल्याशिवाय तसे ठरवू नये. याशिवाय जोडाच्या जागी अल्सर होतो (तंबाखू आणि दुखण्याच्या गोळ्या असतील तर जास्तच), आणि मुळात लठ्ठपणामुळे चरबी साठलेल्या यकृतावर भार पडतो.

घरच्यांनी काय पाहावे?

पूर्वीपेक्षा खूप कमी प्रमाणात तोल जाणे, आठवड्यातून एकदाचे दोनदा आणि मग रोज होणे, एकट्याने पिणे, बाटली लपवणे, आदल्या रात्रीचे काहीच न आठवणे, उतरलेले वजन पुन्हा वाढणे किंवा उलट जेवण पूर्ण सुटणे. सकाळी हात थरथरणे आणि एक घोट घेतल्यावर ते थांबणे, हे शरीराला दारूची सवय लागल्याचे ठळक लक्षण आहे.

महिलांच्या बाबतीत आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही. डॉक्टरही विचारताना संकोचतात. त्यामुळे एखाद्या बाईला त्रास असेल तर तो वर्षानुवर्षे दडून राहतो. डॉक्टरांनी तो एकांतात, सासरच्या माणसांसमोर नव्हे, सर्वांनाच विचारतो तसा विचारावा.

ऑपरेशनआधी सर्जन किंवा मानसोपचारतज्ज्ञ दारूबद्दल विचारतात, तेव्हा अनेक जण कमी करून सांगतात, कारण ऑपरेशन नाकारले जाईल अशी भीती असते. व्यसन चालू असताना ऑपरेशन पुढे ढकलले जाते हे खरे, पण ते कायमचे बंद होतेच असे नाही. आधी उपचार, मग ऑपरेशन असा मार्ग असतो.

उपचार

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने घरीच, एका झटक्यात दारू बंद करू नये. दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात आणि त्यात मृत्यूही होऊ शकतो. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि थायमिन देऊन पार पाडतात.

त्यानंतर ओढ कमी करणारी औषधे, समुपदेशन आणि गटाचा आधार यांची मदत होते. बायपासनंतर गोळ्यांचे शोषण बदलू शकते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना ऑपरेशनचा प्रकार सांगा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. रुग्णाला न कळवता जेवणात किंवा चहात ‘दारू सोडवण्याची पावडर’ मिसळणे अत्यंत धोकादायक आहे. तिच्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर रुग्ण दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच आणि डॉक्टरांनीच द्यायचे असते.

नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहेत. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करत आहे आणि तिथे महिलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा मोफत असतात. फोनवरून बोलायचे असल्यास टेलिमानस १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे.

झटका येणे, रक्ताची उलटी, काळी शौच, हाक मारूनही जागे न होणे, तोल जाण्यासोबत नजर दुहेरी होणे यापैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला कुशीवर झोपवा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी किंवा लिंबू सरबत घालू नका, आणि ऑपरेशनची फाइल बरोबर घ्या.