खेळ-शुल्क कोणाच्या नावाने?

विद्यापीठातील मुलींच्या फुटबॉलचा इतिहास चषकांच्या कपाटात शोधला जातो. मी तो पगारपत्रकात, जमाखर्चाच्या वहीत आणि हजेरीपटावर शोधतो.

वाशीमचे पाहा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. इथली महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाची. १९८३ पासून अमरावती विद्यापीठाची. रिसोड-मानोऱ्याच्या मुलीला विद्यापीठाच्या संघात जायचे तर नेहमीची वाट आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून जाते. पण त्यासाठी आधी महाविद्यालयाचा संघ हवा. अकरा मुली जमवायच्या कोणी? अनुदानित महाविद्यालयात सगळ्या खेळांना मिळून बहुधा एकच शारीरिक शिक्षण संचालक असतो. कबड्डीपासून क्रिकेटपर्यंत सारे त्याच्याच गळ्यात. मग मुलींचा फुटबॉल कोणाच्या वाट्याला येणार?

आता पैसा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढा, ही त्या परिषदेची मागणी होती. त्याच वर्षी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी निधी मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ह्या शिष्यवृत्तीच्या नियमांत भरून द्यायच्या सक्तीच्या शुल्कांमध्ये खेळ-शुल्काचा स्पष्ट उल्लेख वर्षानुवर्षे राहिला. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जी मुलगी कधी मैदानात उतरली नाही, तिच्याही नावाने खेळाचा पैसा जमा होत आला. खेळणे ही तिच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. तो तिच्याच नावाच्या पैशाचा हिशेब आहे.

आणि अभ्यास? आंतरविद्यापीठ स्पर्धेत नियमित विद्यार्थिनीच खेळू शकते. शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृह मिळाले नाही, शिक्षण सुटले की खेळाडूही संपली. म्हणून संघ मैदानावर उभा राहण्याआधी वसतिगृहात उभा राहतो, असे माझे मत आहे. सुलोचनाबाईंची परिषद फुटबॉलविषयी बोलली नव्हती. तरी ह्या इतिहासाचे पहिले पान तिचेच आहे.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई केली. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, तिथल्या प्रमुख क्रीडासंघटनेने महाविद्यालयीन मुलींसाठी आपली पहिली राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरवली. १९९४ च्या आणखी एका कायद्याने मुलांच्या व मुलींच्या संघांवरचा खर्च, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार दरवर्षी जाहीर करणे बंधनकारक झाले. तिथे विषमता संपली असे नव्हे. पण ती आकड्यांत पकडता येऊ लागली.

आपल्याकडे तो आकडा मागायचा कोणी? मला वाटते, वाशीमच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी. खेळ-शुल्क किती जमले, मुलींवर किती खर्चले, त्यांत दलित-आदिवासी मुली किती, हे दरवर्षी सूचनाफलकावर लागले पाहिजे. चषक मागाहून येतील. आधी हिशेब द्या!