तेरावं ताट

लग्नकार्यात रुसून बसणारी एखादी आत्या प्रत्येक घरात असते. आमंत्रण उशिरा आलं, साडी हलकी दिली, पंगतीला बसा असं कुणी म्हटलंच नाही... कारण काहीही पुरतं. झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीतली दुष्ट परी मला कायम अशीच एक आत्या वाटायची. बारशाला बोलावलं नाही म्हणून थेट मरणाचा शाप!

हीच गोष्ट त्या परीच्या बाजूने सांगणारा डिस्नेचा 'मॅलेफिसंट' २०१४ साली आला. अँजेलिना जोली त्यात परी झाली आहे. सिनेमा आवडला, पण डोक्यात एक किडा वळवळत राहिला. ही बाई खलनायिका झाली तरी कधी? म्हणून गोष्टीची जुनी रूपं शोधत गेले आणि हाती भलतंच काही लागलं.

आधी रुसव्याचं बघू. चौदाव्या शतकातल्या 'पेर्सफॉरेस्ट' या फ्रेंच ग्रंथात बाळाच्या जन्मानंतर तीन देवींसाठी पानं मांडतात. त्यातल्या थेमिसची सुरी टेबलाखाली पडते आणि तिला वाटतं, आपल्याला दिलीच नाही. १६९७ साली छापलेल्या शार्ल पेरोच्या पुस्तकातल्या गोष्टीत सात पऱ्यांसाठी सोन्याच्या सुरी-काटे-चमच्यांचे सात संच केले होते. आठवी म्हातारी परी पन्नासहून जास्त वर्षं आपल्या मनोऱ्याबाहेर पडलेली नव्हती, त्यामुळे लोकांनी तिला मेलेलीच धरलं होतं. ती आली आणि संच कमी पडला. १८१२च्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकात राज्यात पऱ्या तेरा आणि राजाकडे सोन्याची ताटं बाराच. म्हणून तेरावीला वगळलं. पाचवी-सटीला सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवताना आपल्या आज्यांच्या मनातही हीच धास्ती असणार. नशीब लिहायला येणारीच्या मानपानात काही कमी पडू नये!

इथवर सगळं गमतीचं. पण या गोष्टीचा एक भाग असा आहे, जो मुलांना कुणी सांगत नाही.

'पेर्सफॉरेस्ट'मधली राजकन्या झोपेत असतानाच एक सरदार तिच्याशी संग करतो आणि तिला झोपेतच मूल होतं. नेपल्सच्या जांबात्तिस्ता बाझिलेचा कथासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्यातल्या तालिया नावाच्या मुलीच्या नखात तागाची कुसळ जाते आणि ती निपचित पडते. शिकारीला आलेला एक राजा तिला बघतो, तशाच अवस्थेत तिचा भोग घेतो, घरी जातो आणि विसरूनही जातो. तिला झोपेतच जुळं होतं. त्यातलं एक बाळ तिचं बोट चोखतं, कुसळ निघते आणि ती जागी होते.

राजाचं आधीच लग्न झालेलं असतं. ही भानगड कळल्यावर राणी चवताळते, मुलांना शिजवून राजाला वाढायचा हुकूम देते. दयाळू आचारी मुलांना लपवतो. शेवटी तालियासाठी पेटवलेल्या आगीत राणीच ढकलली जाते आणि राजा तालियाशी लग्न करून सुखाने नांदतो. म्हणजे गुन्हा राजाचा, आणि जाळली गेली राणी.

पुढच्या लेखकांना हे पचेना. पेरोने राजाचा अविवाहित राजपुत्र केला. तो फक्त गुडघे टेकून बसतो आणि राजकन्या आपोआप जागी होते. मग दुष्टपणा कुणी करायचा? पेरोने तो सासूला दिला. राक्षसकुळातली ही सासू नातवंडांनाच खायला निघते. ग्रिम बंधूंनी सासूही कापली आणि लग्नापाशी गोष्ट संपवली. आता खलनायक म्हणून उरली ती एकटी तेरावी. १८९०च्या सेंट पीटर्सबर्गमधल्या चायकोव्हस्कीच्या बॅलेत तिला काराबोस हे नाव होतं आणि ती भूमिका एनरिको चेकेत्ती या पुरुष नर्तकाने केली. १९५९च्या डिस्नेच्या कार्टूनपटात तिला शिंगं आली, मॅलेफिसंट हे नाव आलं आणि शेवटी ती ड्रॅगन होऊन राजपुत्राच्या तलवारीने मेली. पुरुष दरवेळी थोडा थोडा धुतला गेला आणि ते मळकं पाणी कुठल्या ना कुठल्या बाईच्या अंगावर पडत राहिलं.

आपल्याकडे हे होत नाही असं नाही बरं का! महाभारतातल्या दुष्यंताला शकुंतला चांगली आठवत असते, तरी भर सभेत तो तिला नाकारतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणि अंगठी आणली, आणि राजा निर्दोष ठरला, बिचारा विसरला होता! आणि दुर्वास का चिडले? तर पाहुणा दारात आला आणि त्याची कुणी दखल घेतली नाही. तेरावं ताटच की हे!

आता २०१४च्या सिनेमाकडे बघा. स्टीफन हा मॅलेफिसंटचा बालमित्र. राजा व्हायचं म्हणून तो तिला गुंगीचं पेय पाजतो, ती झोपते आणि तो तिचे पंख कापून नेतो. सकाळी जाग आल्यावर ती जे ओरडते, ते विसरता येत नाही. हा प्रसंग बलात्काराचं रूपक म्हणूनच लिहिला होता, असं जोलीने तेव्हा एका मुलाखतीत सांगितलं होतं. म्हणजे झोपलेली बाई आणि तिच्यावर हात टाकणारा राजा, हे इतकी शतकं झाकलेलं जुनं पाप पुन्हा वर आलं. फक्त या वेळी झोपेत लुटली गेलेली बाईच पुढे शाप देते.

सिनेमा निर्दोष नाही. एकीला न्याय द्यायचा म्हणून तिन्ही भल्या पऱ्यांना बावळट केलंय, आणि राजकन्येच्या आईला तर जवळपास बोलूच दिलेलं नाही. म्हणजे पाणी पुन्हा कुणाच्या तरी अंगावर!

पण एका बाबतीत या सिनेमाला मी मानते. परीचं दुःख खरं आहे म्हणून तिचा शाप योग्य ठरत नाही. पाळण्यातल्या पोरीने काय केलं होतं? ती पोर मोठी होताना मॅलेफिसंटलाच तिचा लळा लागतो. एका रात्री ती झोपलेल्या मुलीपाशी उभी राहून शाप मागे घ्यायचा प्रयत्न करते, पण तो मागे येत नाही. कारण कुठल्याही शक्तीने तो मोडणार नाही, असं तिनेच बजावलेलं असतं. खऱ्या प्रेमाच्या चुंबनाची अट तिने निव्वळ कुचेष्टेने घातलेली असते. असलं प्रेम नसतंच, अशी तिची खात्री! शेवटी राजपुत्राच्या चुंबनाने काही होत नाही. मुलगी जागी होते ती मॅलेफिसंटने माफी मागून कपाळावर ओठ टेकल्यावर. जुन्या गोष्टीत शाप एकीचा आणि उःशाप दुसरीचा. इथे दोन्ही एकीचेच.

असो. पुढच्या वेळी भाचरांना ही गोष्ट सांगाल तेव्हा बारशापाशी जरा थांबा. तेरावी का रुसली, एवढ्यावर भागवू नका. राजाच्या घरात ताटं बाराच का होती, हेही पोरांना विचारू द्या.