दक्षिणेचीं बक्षिसें

संगणकावरील खेळ कसे रचावे, हें नवशिक्यांस शिकविणारे पाठ लिहविण्यासाठीं हल्लीं स्पर्धा ठेवितात. श्रोतेहो, सुबोध लेखनास बक्षीस लावण्याची युक्ति पुण्यास जुनीच आहे. पेशवे विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. इंग्रजांनीं ती घटवून चालू ठेविली. १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृति सुधारकांनीं अर्ज केला कीं, तींतील कांहीं रक्कम उपयुक्त मराठी ग्रंथांस द्यावी. शास्त्रीमंडळी खवळली. तरी १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. पण बक्षिसाहून परीक्षक महत्त्वाचा! १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक कमिटीकडे धाडिलें. त्यांतील निरक्षर कुणबी दांपत्य अखेर रात्रशाळेची वाट धरतें. कमिटीनें तें नाकारलें. छापून निघावयास १९७९ साल उजाडलें.